सीरियल कार्डाचा पोर्ट दिसतो, पण दर थोड्या दिवसांनी बोलणं बंद: कारण कुठे शोधायचं

संगणकाला सीरियल पोर्ट (एकामागून एक बिट पाठवणारी जुनी जोडणी) देणारं कार्ड स्लॉटमध्ये बसवलं, ते चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर टाकला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट आला आणि वजनकाटा, पीएलसी (कारखान्यातलं यंत्र चालवणारा नियंत्रक) किंवा जुना प्रिंटर निमूटपणे काम करू लागला. काही दिवस सगळं सुरळीत. मग एका सकाळी सॉफ्टवेअर सांगतं की पोर्ट उघडत नाही. कोणीतरी ड्रायव्हर काढून परत टाकतं, काम चालू होतं, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. सीरियल कार्डाच्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळ खाणारी तक्रार हीच. कायमचं बंद पडलेलं कार्ड परवडलं, ते निदान बदलून तरी टाकता येतं.

ड्रायव्हर परत टाकल्यावर गुण येतो म्हणून दोष ड्रायव्हरच्या माथी मारला जातो. पण ड्रायव्हर नव्याने टाकताना एकाच वेळी बऱ्याच गोष्टी घडतात. पोर्टचा क्रमांक नव्याने ठरतो, चिप रीसेट होते, बफरची (बाइट तात्पुरते साठवण्याच्या जागेची) सेटिंग्ज मूळ पदावर येतात, पोर्ट अडवून बसलेला प्रोग्रॅम बंद पडतो आणि बहुतेक वेळा मशीन रीस्टार्टही होतं. यातल्या नेमक्या कशाने काम झालं ते कोणालाच कळत नाही, म्हणून दुखणं परत येतं. त्यामुळे ड्रायव्हरला हात लावण्याआधी एकच काम करा: अडचण कशानंतर येते ते लिहून ठेवा. रात्री बंद केलेलं मशीन सकाळी चालू केल्यावर? स्लीपमधून उठल्यावर? कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवल्यावर? समोरचं उपकरण आधीच चालू असताना? की कामाचा जोर वाढला की मध्येच? या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि उपायही वेगळा.

खोक्यावरचं नाव विसरा, चिप बघा

सीरियल कार्डं शेकडो नावांनी विकली जातात, पण त्यांच्यावरच्या चिप मोजक्याच कंपन्यांच्या असतात. ड्रायव्हर चिपचा लागतो, खोक्यावरच्या नावाचा नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि तिथल्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. 'व्हीईएन' या अक्षरांपुढचे चार आकडे म्हणजे चिप बनवणाऱ्याचा क्रमांक. ९७१० असेल तर मॉसचिप, १४१५ म्हणजे ऑक्सफर्ड सेमिकंडक्टर, १३ए८ म्हणजे एक्झार, १सी०० म्हणजे डब्ल्यूसीएच. त्यापुढे 'डीईव्ही' नंतरचे चार आकडे नेमकी चिप सांगतात. पोर्टच्या नोंदीत हा क्रमांक दिसला नाही तर 'मल्टी-पोर्ट सीरियल ॲडाप्टर्स' या गटात बघा. अनेक कार्डांत खरं कार्ड तिथे असतं आणि पोर्ट त्याची पिल्लं म्हणून वेगळीकडे दिसतात.

इथे एक सापळा आहे आणि त्यात बरेच जण अडकतात. पिवळ्या त्रिकोणासह 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' अशी नोंद दिसली की तेच आपलं कार्ड असं वाटतं. त्याचा क्रमांक ८०८६ ने सुरू होत असेल तर ते इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचं यंत्र आहे, तुमच्या कार्डाशी त्याचा काही संबंध नाही. तसंच 'पीसीआय सीरियल पोर्ट' अशी नोंद आणि पुढे ८०८६ दिसलं, तर तो बहुधा नेटवर्कवरून मशीन सांभाळण्यासाठी इंटेलने दिलेला आभासी पोर्ट. त्याला मागे कनेक्टरच नसतो. त्यावर कार्डाचा ड्रायव्हर बसवण्याचा हट्ट केला तर दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

पिवळ्या त्रिकोणामागचा कोडही वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला पटली नाही. जुन्या सीडीवरचा ड्रायव्हर नव्या ६४-बिट विंडोजवर टाकला की हे हमखास होतं. १२ म्हणजे कार्डाला हवी ती संसाधनं मोकळी नाहीत. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण यंत्र सुरू झालं नाही. यातला १० कधी असतो, कधी नसतो असं होत असेल तर पुढचा भाग तुमच्यासाठी आहे.

रीस्टार्ट केलं की चालतं, बंद करून चालू केलं की नाही

हे वाक्य तक्रारीत आलं की अर्धं निदान तिथेच झालं. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. ते चालू असताना 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद होणं नसतं. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच उचलून परत आणली जाते. कार्डाची वीज मात्र मधे गेलेली असते. ड्रायव्हरला वाटतं चिप कालच्या अवस्थेत आहे, चिप असते कोरी. चांगला ड्रायव्हर हे ओळखून चिप नव्याने सज्ज करतो, निष्काळजी ड्रायव्हर करत नाही. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं, म्हणून रीस्टार्टने गुण येतो.

खात्री करायला सोपी चाचणी: शिफ्ट दाबून धरा आणि 'शट डाउन' निवडा. हे पूर्ण बंद करणं असतं. यानंतर मशीन चालू केल्यावर पोर्ट नीट चालला आणि साध्या शट डाउननंतर बिघडला, तर गुन्हेगार सापडला. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाने काय करायचं ते ठरवण्याच्या पानावर, फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका. मशीन चालू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, पण उपकरणं जोडलेल्या मशीनवर हा सौदा केव्हाही फायद्याचा.

स्लीपनंतर पोर्ट मरत असेल तर शंका वीजबचतीवर घ्या. पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंग्जमध्ये 'पीसीआय एक्सप्रेस' खाली 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' आहे, ते 'ऑफ' करा. दिवसभर यंत्राशी बोलणाऱ्या संगणकाला स्लीपमध्ये जाऊच देऊ नये, हे माझं स्पष्ट मत. तो संगणक आता त्या यंत्राचाच भाग आहे.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर कॅबिनेट उघडा. कार्डाची धातूची पट्टी कॅबिनेटशी नीट जुळत नसेल आणि स्क्रू आवळल्यावर कार्डाचं दुसरं टोक स्लॉटमधून किंचित उचललं जात असेल, तर मशीन गरम-थंड होताना संपर्क जातो-येतो. स्क्रू सैल करून कार्ड सरळ दाबा, मग हलकाच आवळा. हे तपासायला फार कोणी जात नाही, कारण कार्ड 'दिसत' असतं.

क्रमांकांचा गोंधळ

विंडोज प्रत्येक सीरियल पोर्टला 'कॉम' आणि पुढे आकडा असं नाव देतं. काल कॉम ३ होता, आज कॉम ५ झाला. सॉफ्टवेअरमध्ये कॉम ३ पक्का लिहिलेला, म्हणून बोलणं बंद. विंडोज एकदा दिलेला क्रमांक सहजासहजी मोकळा करत नाही. कार्ड काढून टाकलं तरी तो क्रमांक 'वापरात' अशी नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत) राहते. शिवाय बहुतेक कार्डांना स्वतःची वेगळी ओळख नसते, म्हणून विंडोज त्यांना स्लॉटच्या जागेवरून ओळखतं. तेच कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये घातलं की विंडोजच्या हिशेबी ते नवं कार्ड, त्याला नवे क्रमांक. आत कोणी धूळ झटकायला कार्ड काढलं आणि परत घालताना स्लॉट बदलला, तर क्रमांक का सरकले याचा कोणालाच पत्ता लागत नाही.

उपाय: डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूतून 'शो हिडन डिव्हायसेस' निवडा. पोर्ट्सच्या गटात फिकट रंगाच्या नोंदी दिसतील. ते पोर्ट आता जोडलेले नाहीत, पण त्यांनी क्रमांक अडवून ठेवलेत. त्या नोंदी काढून टाका. मग खऱ्या पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड आणि तिथे हवा तो कॉम क्रमांक निवडा. 'हा क्रमांक वापरात आहे' असा इशारा आला तरी, तो कोणताही जिवंत पोर्ट वापरत नाही याची खात्री असेल तर पुढे जायला हरकत नाही. कॉम ३ काही केल्या मिळत नसेल तर वर सांगितलेला इंटेलचा आभासी पोर्ट आठवा. तो बऱ्याचदा नेमका कॉम ३ वर बसलेला असतो. त्याला दुसरा क्रमांक द्या, किंवा वापरत नसाल तर बायोसमधून तो बंद करा.

दुसरी गंमत दोन आकडी क्रमांकांची. विंडोजमध्ये कॉम १ ते कॉम ९ ही राखीव नावं आहेत, ती नुसत्या नावाने उघडतात. कॉम १० आणि त्यापुढचे पोर्ट उघडायला प्रोग्रॅमला नावाआधी एक खास उपसर्ग लावावा लागतो. जुन्या प्रोग्रॅमांनी तो लावलेला नसतो, म्हणून टर्मिनलमध्ये (पोर्टवर थेट टाइप करून बघायच्या प्रोग्रॅममध्ये) चालणारा कॉम १२ त्या प्रोग्रॅममध्ये उघडतच नाही. काही प्रोग्रॅमांच्या यादीत तर कॉम ४ च्या पुढे काही नसतंच. कार्डाला लहान क्रमांक देणं हाच यावरचा सरळ मार्ग.

मशीन चालू होताना माऊस उड्या मारतो

हे ऐकून हसू येतं, पण पहिल्यांदा बघणाऱ्याला व्हायरसच वाटतो. कर्सर पडद्यावर वाटेल तसा पळतो, खिडक्या आपोआप उघडतात आणि सीरियल पोर्ट उघडत नाही. कारण असं: चालू होताना विंडोज सीरियल पोर्टवर काय जोडलंय याचा अंदाज घेतं. नेमक्या त्या वेळी वजनकाटा किंवा जीपीएस रिसीव्हर न विचारता सतत आकडे पाठवत असेल, तर विंडोजला ते जुन्या काळच्या सीरियल माऊसचे संदेश वाटतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसच्या गटात 'मायक्रोसॉफ्ट सीरियल बॉलपॉइंट' अशी नोंद उगवते आणि पोर्ट तिच्या ताब्यात जातो.

ती नोंद 'अनइन्स्टॉल' केली तर पुढच्या वेळी परत येते, म्हणूनच ही अडचण पुन्हापुन्हा येणाऱ्यांच्या यादीत आहे. ती 'डिसेबल' करा, मग तशीच राहते. उपकरणात 'विचारल्यावरच पाठव' अशी सोय असेल तर ती चालू करणं त्याहून बरं. सतत पाठवण्याची खरी गरज फार कमी ठिकाणी असते.

'ॲक्सेस डिनाइड'

विंडोजमध्ये सीरियल पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. हा संदेश आला तर पोर्ट बिघडलेला नाही, कोणीतरी तो आधीच उघडून बसलंय. यूपीएसवर लक्ष ठेवणारी सेवा, फॅक्सचं सॉफ्टवेअर, चाचणीसाठी उघडून मागे राहिलेली टर्मिनलची खिडकी, किंवा तुमचाच प्रोग्रॅम, जो वरवर बंद झाला पण टास्क मॅनेजरमध्ये अजून जिवंत आहे. मायक्रोसॉफ्टच्या प्रोसेस एक्सप्लोरर या मोफत साधनात हँडल (कोणत्या प्रोग्रॅमने काय उघडलंय याची नोंद) शोधायची सोय आहे. तिथे 'सीरियल' हा शब्द रोमन अक्षरांत शोधला की बऱ्याचदा पोर्ट कोणाच्या हातात आहे ते दिसतं. काही कार्डांचे ड्रायव्हर पोर्टला वेगळं अंतर्गत नाव देतात, तिथे चिपच्या नावाने शोधून बघा.

पोर्ट उघडतो, पण येतो तो कचरा

आता खरा मजेचा भाग. सगळं जुळलंय असं वाटतं आणि पडद्यावर अर्थहीन चिन्हं येतात. आधी एक गैरसमज दूर करू: डिव्हाइस मॅनेजरमधल्या पोर्ट सेटिंग्जच्या पानावर जो ९६०० हा वेग (सेकंदाला बिट) दिसतो, तो बदलून सहसा काहीच होत नाही. बहुतेक प्रोग्रॅम पोर्ट उघडताना स्वतःचा वेग स्वतः ठरवतात. वेग प्रोग्रॅममध्ये बघायचा.

मग लूपबॅक चाचणी, म्हणजे पाठवलेलं आपल्याकडेच परत येतं का ते बघणं. ९ पिनांच्या कनेक्टरवर २ ही घेणारी पिन, ३ ही पाठवणारी आणि ५ ग्राउंड. केबल काढून २ आणि ३ एकमेकांना जोडा, टर्मिनलमध्ये फ्लो कंट्रोल (समोरच्याला 'थांब', 'पाठव' सांगण्याची सोय) बंद करा आणि टाइप करा. टाइप केलेलं परत दिसलं तर कार्ड, ड्रायव्हर आणि पोर्टचा क्रमांक जागेवर आहेत. इथपर्यंत सगळे करतात आणि 'कार्ड ठीक आहे, दोष उपकरणात' असा निकाल देऊन मोकळे होतात. पण लूपबॅक एका बाबतीत साफ खोटं बोलतो: वेगाच्या बाबतीत. पाठवणारा आणि घेणारा एकाच घड्याळावर चालतात, त्यामुळे घड्याळ आठपट वेगाने पळत असलं तरी दोघांचं एकमेकांशी जुळतंच.

हे आठपट मी उगाच म्हटलं नाही. जुन्या सीरियल पोर्टचं घड्याळ १.८४३२ मेगाहर्ट्झचं. त्याला १६ ने भागलं की ११५२०० हा मूळ वेग मिळतो आणि त्याला १२ ने भागलं की ९६००. अनेक कार्डांवर मात्र १४.७४५६ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल असतं, म्हणजे मूळ वेग ९२१६००. आता अशा कार्डावर विंडोजने किंवा कोणी सर्वसाधारण ड्रायव्हर बसवला, तर तो बिचारा जुन्या हिशेबाने १२ ने भागतो आणि तारेवर प्रत्यक्षात ७६८०० चा वेग जातो. उपकरण ९६०० वर बसलेलं, त्याला काय कळणार? ओळखायची युक्ती सोपी आहे. उपकरण ९६०० वरच ठेवा आणि प्रोग्रॅममध्ये १२०० निवडा. अचानक शुद्ध अक्षरं आली तर कार्डाचं घड्याळ आठपट आहे. २४०० वर आली तर चौपट. मग चिपच्या कंपनीचा खरा ड्रायव्हर टाका. विंडोज अपडेटनंतर कचरा यायला लागला असेल तर आधी हेच तपासा, कारण अपडेटने ड्रायव्हर बदललेला असू शकतो. ड्रायव्हरच्या पानावर त्याची तारीख आणि पुरवणाऱ्याचं नाव असतं, बदल लगेच लक्षात येतो.

सगळंच निरर्थक नसून काही अक्षरं बरोबर आणि काही चूक येत असतील तर वेग बरोबर आहे, पॅरिटी (चूक ओळखायला जोडलेला जादा बिट) चुकली आहे. वजनकाट्यांत याची एक नेमकी खूण सापडते. उपकरण ७ बिट आणि इव्हन पॅरिटीने पाठवतंय, तुम्ही ८ बिट आणि पॅरिटी नाही असं धरलंय, तर ०, ३, ५, ६ आणि ९ हे आकडे शुद्ध येतात आणि १, २, ४, ७, ८ यांच्या जागी विचित्र चिन्हं. शुद्ध येणाऱ्या आकड्यांच्या कोडमध्ये एक या बिटांची संख्या सम असते, म्हणून त्यांचा पॅरिटी बिट शून्य राहतो आणि आकडा बिघडत नाही. दोन्ही पद्धतींत चौकटीची (एका अक्षरासाठी जाणाऱ्या सगळ्या बिटांची) लांबी १० बिटच असल्याने चौकटीची चूक म्हणून काही पकडलंही जात नाही. त्यामुळे ३६० किलो वजन अगदी बरोबर दिसतं आणि ३६१ वर घोळ होतो. 'कधी कधी चुकतं' अशी तक्रार आली की वजनात कोणते आकडे होते ते विचारा.

काहीच येत नसेल तर मल्टिमीटर काढा. आरएस-२३२ मध्ये, म्हणजे साध्या सीरियल पोर्टच्या मानकात, शांत बसलेली पाठवणारी तार ऋण व्होल्टवर असते. कार्डाच्या ३ आणि ५ या पिनांत साधारण उणे ५ ते उणे १२ व्होल्ट दिसायला हवेत. शून्य दिसलं तर तो पोर्ट मेलेला आहे किंवा चुकीच्या कनेक्टरवर मोजताय. मग केबल कार्डापासून काढा, उपकरण चालू ठेवा, आणि केबलच्या संगणकाकडच्या टोकाला मोजा. ऋण व्होल्ट २ वर दिसले तर केबल बरोबर. ३ वर दिसले तर दोन्ही बाजू एकाच तारेवर बोलतायत, म्हणजे २ आणि ३ उलटवणारी नल-मॉडेम केबल हवी. दोन्हीवर काही नाही, तर उपकरण बंद आहे, केबल तुटलीय किंवा उपकरण आरएस-२३२ बोलतच नाही. मीटर हातात असताना केबलवर तर्क लढवत बसण्यात अर्थ नाही.

कार्डावरून किंवा मदरबोर्डवरून १० पिनांच्या पट्टीने मागे कनेक्टर काढला असेल तर आणखी एक घोळ शक्य आहे. या पट्टीची जोडणी दोन प्रकारे केली जाते आणि दोन्ही दिसायला सारख्याच. एकात पट्टीची पिन आणि कनेक्टरची पिन यांचे क्रमांक जुळतात, दुसऱ्यात सपाट तारांच्या क्रमाने जातात. जुन्या मशीनची पट्टी नव्याला लावली की पोर्ट दिसतो, पण २ आणि ३ भलत्याच ठिकाणी गेलेले असतात. मीटरचा बीप लावून तपासा.

आणि ९ क्रमांकाची पिन. दुकानांतल्या बारकोड स्कॅनरसाठी बनवलेल्या काही कार्डांवर जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असतो, जो या पिनवर ५ किंवा १२ व्होल्ट सोडतो. मूळ मानकात ही फोनची घंटी कळवणारी पिन, तिथे वीज अपेक्षितच नाही. जंपर चुकीच्या जागी असेल आणि समोरच्या उपकरणात ती पिन आत दुसरीकडे जोडलेली असेल, तर काहीतरी जळणार. कार्ड बसवण्याआधी हा जंपर बघाच.

थोडा वेळ चालतं, मग अडकतं

सुरुवातीला माहिती येते आणि मग सगळं थिजतं, तेव्हा पहिला संशय फ्लो कंट्रोलवर. केबल तीन तारांची, म्हणजे २, ३ आणि ५ एवढीच, आणि प्रोग्रॅममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू, तर संगणक ८ क्रमांकाच्या पिनवर परवानगीची वाट बघत बसतो. ती तारच नाही, परवानगी येणार कुठून? सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल याहून फसवं. त्यात १९ या किमतीचा बाइट म्हणजे 'थांब' आणि १७ म्हणजे 'चालू कर'. नुसता मजकूर जात असेल तर ठीक, पण मोजमापाचे कच्चे बाइट जात असतील तर कधीतरी एखादं मोजमाप १९ येतं आणि लाइन थांबते. हा बिघाड वेळापत्रक पाळत नाही, म्हणून लोक केबल, उपकरण, संगणक सगळं बदलून बघतात. बायनरी माहितीसाठी तो बंदच ठेवायचा.

मधले बाइट गळत असतील, विशेषतः मशीनवर दुसरं जड काम चालू असताना, तर हिशेब करून बघा. ११५२०० च्या वेगाने एक बाइट सुमारे ८७ मायक्रोसेकंदांत येतो. १६५५०ए या जुन्या आणि अजूनही नमुना मानल्या जाणाऱ्या चिपमध्ये येणाऱ्या माहितीसाठी १६ बाइटची जागा असते. विंडोजच्या ॲडव्हान्स्ड पानावर रिसीव्ह बफर १४ वर असेल, तर १४ बाइट साठल्यावर चिप हाक मारते आणि उरलेले दोन भरायला जेमतेम १७४ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात प्रोसेसर आला नाही तर पुढचा बाइट गेला. तो आकडा ८ वर आणला की जवळपास ७०० मायक्रोसेकंदांची सवड मिळते. बदल्यात हाका वाढतात, पण आजच्या प्रोसेसरला त्याचं काही वाटत नाही. ९६०० वर मात्र हे करण्याची गरज नसते. तिथे बाइट गळत असतील तर कारण बफर नाही, केबल किंवा ग्राउंड आहे.

आरएस-४८५ (एकाच लाइनवर अनेक उपकरणं जोडणारं मानक) वर चालणाऱ्या कार्डांत अडकण्याचं कारण बहुधा दिशा बदलणं असतं. दोनच तारा, पाठवणं आणि घेणं आळीपाळीने. कार्डाने पाठवणं संपल्यावर तारा सोडायला उशीर केला तर उत्तराचे पहिले बाइट कापले जातात आणि प्रोग्रॅम 'टाइमआउट' म्हणतो. कार्डावर दिशा आपोआप बदलण्याची सोय असेल तर ती चालू करा आणि प्रोग्रॅममधली आरटीएसची (दिशा बदलायच्या इशाऱ्याची) सोय बंद करा, दोन्ही एकत्र नकोत. १२० ओमचा रोध लाइनच्या फक्त दोन टोकांना हवा. कार्ड मधे कुठे असेल तर त्याचा जंपर काढा. ए आणि बी या तारांची नावं सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत, म्हणून सगळं बरोबर असून उत्तर येत नसेल तर तारा उलट लावून बघा. त्याने काही बिघडत नाही.

आयएसए कार्ड आणि जुने प्रोग्रॅम

जुन्या यंत्रांच्या संगणकात अजून आयएसए (पीसीआयच्या आधीच्या स्लॉटची) कार्डं भेटतात. त्यांत पत्ता आणि आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायच्या तारेचा क्रमांक) जंपरने ठरतात: कॉम १ ला ३एफ८ आणि ४, कॉम २ ला २एफ८ आणि ३, कॉम ३ ला ३ई८ आणि परत ४, कॉम ४ ला २ई८ आणि परत ३. आयएसएवर दोन पोर्टनी एकच आयआरक्यू एकाच वेळी वापरला की एक गप्प होतो. म्हणून कॉम १ आणि कॉम ३ एकटे एकटे चालतात आणि सोबत अडतात. कार्डावर ५ किंवा त्यापुढच्या आयआरक्यूचा जंपर असेल तर तो वापरा. पीसीआय आणि पीसीआय एक्सप्रेसमध्ये आयआरक्यू वाटून घेता येतो, तिथे या जुन्या नियमाने घाबरायचं कारण नाही. मात्र पीसीआय कार्डाचा पत्ता बायोस ठरवतो आणि तो ३एफ८ नसतो. थेट ३एफ८ वर लिहिणारा डॉसचा प्रोग्रॅम असेल तर त्याच्यासाठी मदरबोर्डवरचाच पोर्ट राखून ठेवा आणि कार्ड बाकीच्या कामांना द्या.

लिनक्सवर

कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सुरुवातीच्या लॉगमध्ये ८२५० ड्रायव्हरची ओळ शोधा. तिथे '४ पोर्ट्स' असं दिसलं आणि मदरबोर्डचा एक धरून तुमचे पोर्ट पाच होत असतील, तर शेवटचा दिसणारच नाही. अनेक वितरणांत कर्नल मुळात चारच जागा ठेवतं. बूटच्या ओळीत ८२५० चा 'एनआर-यूएआरटीएस' हा घटक ८ किंवा १६ करा. पोर्ट दिसतो पण परवानगी नाही, असं डेबियन आणि उबुंटूवर झालं तर वापरकर्त्याला 'डायलआउट' गटात घालून पुन्हा लॉगिन करा. विंडोजच्या उलट इथे दोन प्रोग्रॅम एकच पोर्ट उघडू शकतात आणि बाइट दोघांत विभागले जातात. अर्धवट संदेश येत असतील तर दुसरा वाचणारा कोण आहे ते शोधा. त्या पोर्टवर लॉगिन कन्सोल चालू राहिलेला असणं हे नेहमीचं कारण.

लिनक्सची एक सोय मात्र विंडोजवाल्यांनी हेवा करावा अशी आहे. प्रॉक फोल्डरमध्ये टीटीवाय, त्यात ड्रायव्हर, त्यात सीरियल नावाची फाइल रूट म्हणून वाचा. प्रत्येक पोर्टपुढे किती बाइट गेले, किती आले आणि चुका किती झाल्या ते असतं. 'एफई' (चौकटीची चूक) वाढतोय तर वेग जुळत नाही किंवा तारेत गडबड आहे. 'पीई' म्हणजे पॅरिटी. 'ओई' म्हणजे बाइट गळतायत. आलेल्यांचा आकडा हलतच नसेल तर संगणकाचं सोडा आणि मीटर घेऊन केबलकडे जा. विंडोजवर काही केल्या निदान होत नसेल, तेव्हा त्याच मशीनवर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून ही एक फाइल बघितली तरी दोष तारेचा की ड्रायव्हरचा ते कळतं, आणि डिस्कवरच्या विंडोजला धक्काही लागत नाही.